मनगटातली नस: सूज उतरली का, हे कसं कळतं?

कार्पल टनेल सिंड्रोमचं निदान झालं की रुग्ण निम्मा निश्चिंत होतो. रात्री दोन-अडीचला अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होऊन जाग का येते, हात झटकल्यावर मुंग्या का ओसरतात, पोळ्या लाटताना किंवा स्कूटर चालवताना हात का भरून येतो, या सगळ्याला एक नाव मिळालेलं असतं. मग रात्री मनगटाला पट्टी बांधायची, इंजेक्शन घ्यायचं की ऑपरेशन करायचं, यातलं काहीतरी ठरतं. खरा गोंधळ त्यानंतर सुरू होतो. मुंग्या कमी झाल्या, पण पुरत्या गेल्या नाहीत. इंजेक्शननंतर महिना-दीड महिना छान गेला, आता पुन्हा जाणवतंय. ऑपरेशनला तीन महिने झाले तरी बोटांची टोकं जडच आहेत. आत नसेवरचा दाब खरोखर कमी झालाय, की नुसतं दुखणं दबलंय?

हे पाहायला आता सोनोग्राफी वापरतात. पोटाची करतात तीच, फक्त अंगावर टेकवायचा प्रोब वेगळा. ती नेमकं काय मोजते, उपचारानंतर तो आकडा कसा हलतो आणि त्यावर किती विसंबायचं, हे नीट कळलं तर रुग्णाचे पैसे वाचतात आणि मनस्तापही.

आधी जागा समजून घेऊ. मनगटात तळहाताच्या बाजूला आठ लहान हाडांची खोलगट कमान असते आणि तिच्यावर एक जाड, चिवट आडवा पट्टा ताणलेला असतो. हाडं आणि पट्टा यांच्यामधला बोगदा म्हणजेच कार्पल टनेल. त्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा जातात: चार बोटांच्या प्रत्येकी दोन आणि अंगठ्याची एक. त्यांच्या सोबतीला एकच नस, डॉक्टर जिला मीडियन नर्व्ह म्हणतात ती. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना ती वाहते, अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्यातले स्नायूही बहुतांशी तीच चालवते. करंगळी तिच्या वाट्याला येत नाही, म्हणून करंगळीत मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना वेगळी शंका येते. बोगद्याच्या भिंती हाडांच्या, छत चिवट, कंडरा दोरखंडासारख्या घट्ट. या गर्दीत मऊ म्हणावी अशी एक नसच. जागा कमी पडली की चेपली जाते ती.

किती चेपली जाते, हे १९८१ साली रिचर्ड गेल्बरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोगद्यात बारीक नळी सरकवून मोजलं. निरोगी माणसात मनगट सरळ असताना आतला दाब सरासरी २.५ मिलिमीटर पारा होता, तर या आजाराच्या रुग्णांत ३२. मनगट पूर्ण खाली वाकवल्यावर रुग्णांचा दाब ९४ वर गेला आणि मागे वाकवल्यावर ११० वर. नसेवरच्या सूक्ष्म शिरांतला रक्तप्रवाह २० ते ३० च्या दाबालाच मंदावू लागतो. म्हणजे हात नुसता पडलेला असतानाही रुग्णाची नस घुसमटलेली असते, आणि झोपेत मनगट मुडपलं की तिची पुरतीच कोंडी होते. रात्रीच्या मुंग्यांचं कारण हेच, आणि रात्री पट्टी बांधून मनगट सरळ ठेवायला सांगतात त्याचंही.

शिरांतून रक्त नीट निघून गेलं नाही की नसेत द्रव पाझरतो आणि साचतो. पट्ट्याखाली फुगायला जागा नसल्यामुळे नस तिथे चपटी होते आणि बोगद्याच्या तोंडाशी, म्हणजे हातात शिरण्याच्या जरा अलीकडे, फुगते. ही गोष्ट पहिल्यांदा दिसली ती शवविच्छेदनात. १९१३ साली फ्रान्समध्ये पिएर मारी आणि शार्ल फ्वा या डॉक्टरांनी अंगठ्याचे स्नायू वाळलेल्या एका रुग्णाच्या मनगटाचा छेद घेतला, तेव्हा नस पट्ट्याच्या वर गाठीसारखी सुजलेली आणि पट्ट्याखाली बारीक झालेली आढळली. हा पट्टा वेळीच कापला असता तर हात वाचला असता, असा तर्क त्यांनी तेव्हाच मांडला. त्यांनी जे मृत्यूनंतर पाहिलं, ते जिवंत रुग्णाच्या हातात, कुठेही न कापता पाहण्याची सोय व्हायला पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १९९१ च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक इथे बुकबर्गर आणि सहकाऱ्यांनी या आजारातली नस सोनोग्राफीने पाहून तिची मापं प्रसिद्ध केली.

उशीर लागला तो यंत्रामुळे. शरीराच्या मऊ भागात ध्वनी सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो. पोटाच्या सोनोग्राफीत ३.५ मेगाहर्ट्झच्या आसपासची कंपनं वापरतात. त्यांच्या लहरीची लांबी जवळजवळ अर्धा मिलिमीटर भरते. मनगटातली नस मुळातच दोन-अडीच मिलिमीटर जाडीची, तिच्यातलं बारीक काही अशा लहरीला काय दिसणार? कंपनं १५ मेगाहर्ट्झवर नेली की लहर एक दशांश मिलिमीटरवर येते आणि नसेच्या आतले धाग्यांचे जुडगेही वेगळे दिसू लागतात. अशा लहरी खोल जात नाहीत, पण इथे खोल जायचंच कुणाला आहे? नस त्वचेखाली अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासच असते. म्हणून मनगटासाठी १२ ते १८ किंवा त्याहूनही जास्त मेगाहर्ट्झचा सरळ, लांबट प्रोब लागतो. पोटाचा बाकदार प्रोब मनगटावर टेकवून काढलेलं चित्र उपयोगाचं नाही.

तपासणी साधी असते. उपाशी राहावं लागत नाही, पाणी पिऊन थांबावं लागत नाही. रुग्ण टेबलासमोर बसतो, तळवा वर करून हात उशीवर ठेवतो. मनगट सरळ, बोटं सैल. जेल सढळ हाताने लावतात आणि प्रोब त्यावर अलगद टेकवतात. तो दाबला की नस चपटी होते आणि तिच्यातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात, म्हणजे पाहायला आलो तेच बिघडतं.

पडद्यावर आडव्या छेदात निरोगी नस मधमाशांच्या पोळ्यासारखी दिसते: उजळ जाळी आणि तिच्यात काळसर ठिपके. भोवतीच्या कंडरा जास्त उजळ आणि दाट दिसतात. शंका आली तर सोनोलॉजिस्ट प्रोब किंचित कलता करतात. कंडरा लगेच काळवंडतात, नसेत तेवढा फरक पडत नाही. किंवा बोटं हलवायला सांगतात. तेव्हा कंडरा भराभर मागे-पुढे धावतात आणि नस त्यांना वाट देत बाजूला सरकते. बोगद्यात दाटी झालेल्या हातात तिचं हे सरकणं कमी झालेलं असतं. एमआरआयच्या स्थिर चित्रात ही हालचाल दिसत नाही.

सुजलेल्या नसेत ती जाळी पुसली जाते आणि नस एकसारखी काळसर दिसते. पट्टा वर उचलल्यासारखा फुगतो. उभ्या छेदात नस बोगद्याशी एकदम खाचल्यासारखी दिसते. रक्तप्रवाह दाखवणारं पॉवर डॉपलर चालू केलं तर नसेच्या आत रंगीत ठिपके चमकू शकतात. निरोगी नसेतला रक्तप्रवाह इतका सूक्ष्म असतो की एरवी तो सहसा दिसत नाही. या सगळ्या खुणा उपयोगी आहेत, पण जगभर ज्याच्यावर भर दिला जातो तो आकडा म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी नसेच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ.

हा आकडा कुठे घ्यायचा, ती जागा तुम्हाला आत्ता वाचता वाचता सापडेल. तळवा वर करा, मनगट सैल सोडा आणि मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला चाचपून बघा. वाटाण्याएवढं एक गोल हाड लागतं आणि ते बोटाखाली किंचित हलतंही. तेच पिसिफॉर्म. त्याच्या पातळीवर प्रोब आडवा धरायचा, चित्र गोठवायचं आणि नसेच्या उजळ कडेच्या आतून रेघ फिरवायची. आतलं क्षेत्रफळ यंत्र सांगतं. निरोगी नस साधारण ७ ते ९ चौरस मिलिमीटर भरते. १० ते १२ च्या पुढे गेली की निदानाला बळ येतं. अमेरिकेतल्या न्यूरोमस्क्युलर तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली पुरावे तपासून निदानासाठी ही मोजणी अचूक असल्याचं मान्य केलं.

पण इथेच जरा थांबून एक हिशेब करू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. समजा नस ६.५ मिलिमीटर रुंद आणि २.४ मिलिमीटर जाड आहे. लंबवर्तुळाच्या सूत्राने तिचं क्षेत्रफळ १२ चौरस मिलिमीटरच्या थोडं वर येतं. तिचा परीघ भरतो पावणेपंधरा मिलिमीटरच्या आसपास. आता रेघ फिरवताना हात सगळीकडे फक्त एक दशांश मिलिमीटर बाहेरून गेला, तर क्षेत्रफळ दीड चौरस मिलिमीटरने वाढतं. कडेच्या आतून रेघ काढायची की कडेवरून, एवढ्यावर १२ चे साडेतेरा होतात. नसेला काहीही झालेलं नसतं. म्हणून जूनमध्ये एका सेंटरवर १२ आणि सप्टेंबरमध्ये दुसऱ्या सेंटरवर १३ आले, तर आजार वाढला असा अर्थ काढायचा नाही. एवढा फरक मोजणाऱ्याच्या हातात असतो. माझ्या मते दोन चौरस मिलिमीटरच्या आतला चढ-उतार पाहून कुणी उपचार बदलत असेल, तर त्याला कारण विचारावं.

दुसरी अडचण माणसामाणसातल्या फरकाची. धिप्पाड माणसाची नस जात्याच जाड असते, मधुमेहात ती सगळीकडेच थोडी जाड झालेली असू शकते. दुसऱ्या हाताशी तुलना करावी, तर हा आजार बऱ्याचदा दोन्ही हातांना होतो. यावर उपाय म्हणजे त्याच हाताची तीच नस वर कोपराच्या दिशेने नेत जायची आणि मनगटापासून १२ सेंटिमीटरवर पुन्हा मोजायची. तिथे ती मोकळी असते. मनगटातला आकडा भागिले वरचा हा आकडा, असं गुणोत्तर १.४ च्या वर गेलं तर सूज बोगद्याशीच आहे, असं २००८ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका गटाने दाखवलं. मनगटात १४ आणि वर ७ असेल तर गुणोत्तर २, म्हणजे शंकेला जागा नाही. मनगटात ११ आणि वरही ९ असेल, तर नस मुळातच जाड आहे हे ध्यानात घ्यायला हवं.

तिसरी अडचण थोडी गमतीची. दर दहा हातांमागे साधारण एखाद्या हातात ही नस बोगद्यापाशी दुभंगलेली असते, आणि तिच्या दोन फाट्यांमधून कधीकधी एक जास्तीची रोहिणीही जाते. अशा हातात दोन्ही फाटे मोजून बेरीज करायची असते. पहिल्या वेळी बेरीज केली आणि दुसऱ्या वेळी एकच फाटा मोजला, तर कोणताही उपचार रामबाण ठरेल!

आता उपचारांकडे येऊ. सौम्य आजारात पहिला उपाय रात्रीची पट्टी. ती मनगट सरळ ठेवते, कारण सरळ मनगटात दाब सगळ्यांत कमी असतो. निदान सहा आठवडे नेमाने लावली तर पुष्कळांना आराम पडतो. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी पट्टीवाल्यांपैकी ५४ टक्के आणि ऑपरेशनवाल्यांपैकी ८० टक्के रुग्णांना यश मिळालं. दीड वर्षाने हे आकडे ७५ आणि ९० होते. पट्टीच्या काळात सोनोग्राफीत दिसणारा बदल लहान असतो आणि सावकाश होतो, पुष्कळदा वर सांगितलेल्या मोजणीच्या फरकातच बुडून जातो. त्यामुळे पट्टी चालू असताना दर महिन्याला सोनोग्राफी करणं मला तरी पैशाचा अपव्यय वाटतो. आठवड्यातून किती रात्री जाग आली, याची कॅलेंडरवर केलेली खूण इथे जास्त सांगते.

इंजेक्शनची गोष्ट वेगळी. इथे सोनोग्राफीचा उपयोग सुई टोचतानाच सुरू होतो. डॉक्टर करंगळीच्या बाजूने सुई आडवी नेतात, तिचं टोक पडद्यावर सतत दिसत असतं, आणि स्टेरॉइडचं औषध नसेच्या भोवती पसरताना, तिला पट्ट्यापासून सुटी करताना दिसतं. सुई नसेत शिरणार नाही, मधली जास्तीची रोहिणी असली तर टोचली जाणार नाही, याची खात्री राहते. त्यानंतर काही आठवड्यांत नसेचा आकार कमी झालेला दिसतो आणि डॉपलरचे रंगीत ठिपकेही कमी होतात. स्टेरॉइड सूज उतरवतं, आणि या आजारातली सूज मोजता येते. औषध लागू पडल्याचं चित्र इथे बऱ्यापैकी स्पष्ट मिळतं. मधुमेही रुग्णांनी एवढं लक्षात ठेवावं की या इंजेक्शनने काही दिवस साखर वाढते.

हा आराम किती टिकतो? स्वीडनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पट्टीने बरं न वाटलेल्या रुग्णांना मिथाइलप्रेडनिसोलोनचं एकच इंजेक्शन दिलं होतं. वर्षभरात ८० मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी ७३ टक्के, ४० मिलिग्रॅमवाल्यांपैकी ८१ टक्के आणि नुसतं औषधहीन इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९२ टक्के लोकांना ऑपरेशन करावं लागलं. इंजेक्शन वेळ मिळवून देतं. पुष्कळांना तो वेळ मोलाचा असतो: लग्नसराई काढायची आहे, परीक्षा आहेत, गरोदरपणातला आजार आहे आणि बाळंतपणानंतर तो बहुधा आपोआप ओसरणार आहे. पण जिथे आजार परतण्याची एवढी शक्यता असते, तिथे पाठपुरावा करायलाच हवा. समजा आधी १४ होते, सहा आठवड्यांनी ११ झाले आणि मुंग्या थांबल्या. सहा महिन्यांनी मुंग्या परतल्या आणि आकडा १३.५ वर गेला. लक्षणं आणि चित्र दोन्ही एकाच दिशेने बोलताहेत. अशा वेळी दुसरं, तिसरं इंजेक्शन घेत राहण्यापेक्षा हँड सर्जनशी ऑपरेशनबद्दल बोलणं शहाणपणाचं.

ऑपरेशनमध्ये तो आडवा पट्टा कापतात. उघडून किंवा दुर्बिणीने, बहुधा तेवढाच भाग बधिर करून, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. छत उघडलं की नस तळहाताच्या बाजूला किंचित वर येते, चपटेपणा कमी होतो आणि बोगद्याच्या तोंडाशी असलेली सूज उतरू लागते. बहुतेक अभ्यासांत पहिल्या तीन ते सहा महिन्यांत ही घट ठळक दिसते. लगेच पाहायला गेलात तर जखमेची सूज आणि नवा व्रण यांच्यामुळे चित्र गढूळ असतं. पहिल्या तीन महिन्यांत, काही अडचण नसेल तर, बघण्यासारखं फार नाही.

इथे एक गोष्ट रुग्णांनी आधीच ऐकून ठेवलेली बरी. ऑपरेशन उत्तम झालं, मुंग्या गेल्या, झोप लागू लागली, तरी नस पुष्कळदा मूळ आकारावर येत नाही. १५ ची ११ होते आणि तिथेच थांबते. वर्षानुवर्षं दबलेल्या नसेत नुसता द्रव नसतो, तंतुमय जाडीही आलेली असते. द्रव ओसरतो, पण ही जाडी तशीच राहते. अशा रुग्णाने वर्षाने सहज सोनोग्राफी केली आणि रिपोर्टवर कार्पल टनेल सिंड्रोमशी सुसंगत चित्र असं वाक्य आलं, तर त्याची झोप उडते. ज्याने रिपोर्ट लिहिला त्याला ऑपरेशनची माहितीच नसते, किंवा आधीचा आकडा समोर नसतो. त्या एकट्या ११ ला अर्थ नाही. १५ वरून ११ याला अर्थ आहे.

ऑपरेशननंतर सोनोग्राफीचं खरं मोल दिसतं ते काम बिनसल्यावर. आराम पडलाच नाही, किंवा पडून पुन्हा त्रास सुरू झाला, तर पहिला प्रश्न असतो की पट्टा पूर्ण कापला गेला का. बोटांकडच्या टोकाचा थोडा भाग राहून गेला असेल तर तो अखंड पट्टा आणि त्याखाली खाचलेली नस, दोन्ही पडद्यावर दिसतात. नस व्रणात अडकली असेल तर बोटं हलवल्यावर ती सरकत नाही. हे कळलं की पुन्हा ऑपरेशन करायचं की नाही, याचा निर्णय अंदाजावर राहत नाही. मला विचाराल तर या आजाराच्या उपचारात सोनोग्राफी सगळ्यांत जास्त कामाला येते ती इथेच.

मग विजेचे बारीक झटके देऊन करतात त्या एनसीव्ही तपासणीचं काय? ती नस काम किती करते ते सांगते, सोनोग्राफी नस दिसते कशी ते. दोन्ही एकमेकींची जागा घेत नाहीत. संदेश किती मंदावलाय हे एनसीव्हीच सांगू शकते, आणि मानेतून नस दबल्याची शंका असेल तर तिच्याशिवाय भागत नाही. पण आजार फार पुढे गेलेल्या हातात एनसीव्हीत काहीच प्रतिसाद येत नाही. उपचारानंतरही बराच काळ तो शून्यच राहतो, म्हणजे सुधारणा मोजायला मोजपट्टीच उरत नाही. अशा हातात नसेचा आकार उतरतोय का, हे सोनोग्राफी दाखवू शकते. शिवाय तिच्यात दुखत नाही, त्यामुळे दुसऱ्यांदा करायला रुग्ण कुरकुरत नाही.

या सगळ्यात रुग्णाच्या तोंडची हकिकत मागे पडता कामा नये. आकडा आणि त्रास यांचं नातं सैल असतं. १३ ची नस घेऊन शांत झोपणारी माणसं असतात आणि १० च्या नसेने हैराण झालेलीही. म्हणून १९९३ साली बॉस्टनमध्ये तयार झालेली एक प्रश्नावली आजही जगभर वापरतात: त्रासाबद्दल ११ प्रश्न आणि कामाबद्दल ८. रात्री किती वेळा जाग येते, शर्टाची बटणं लावता येतात का, बरणीचं झाकण उघडतं का, असे साधे प्रश्न. प्रत्येकाला १ ते ५ गुण आणि शेवटी सरासरी. उपचारापूर्वी एकदा आणि नंतर एकदा भरून घेतली की सुधारणेचा निम्मा हिशेब पाच मिनिटांत होतो, तोही फुकट.

सोनोग्राफी आणखी एका कारणासाठी सुरुवातीलाच करून घ्यावी. नस का दबली, हे ती कधीकधी दाखवते. बोगद्यातली गाठ, संधिवाताने कंडरांच्या आवरणाला आलेली सूज, क्वचित क्षयाची सूज. यातलं काही असेल तर पट्टी आणि इंजेक्शन यांच्यावर दिवस काढण्यात अर्थ नसतो. आणि आपल्याकडे, विशेषतः चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत, जाड नस दिसली की कुष्ठरोगाचा विचार डोक्यात यायलाच हवा. २००५ च्या शेवटी देशपातळीवर रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं, तरी रोग संपलेला नाही. कुष्ठरोगात ही नस बोगद्याच्या तोंडाशीच न थांबता मनगटाच्या वर काही सेंटिमीटरपर्यंत जाड झालेली दिसू शकते, आणि कोपरापाशी करंगळीकडची नसही बहुधा जाड असते. म्हणून प्रोब मनगटावर ठेवून उचलायचा नाही, वर नेऊन पाहायचं. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि वेळेत सुरू झालं तर हात वाचतो.

काही देशांत हँड सर्जन किंवा संधिवाततज्ज्ञ आपल्या टेबलावरच्या छोट्या यंत्राने स्वतःच मनगट पाहतात. आपल्याकडे हे चित्र कमी दिसतं, त्याचं एक कारण कायद्यात आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली गर्भाचं लिंग ओळखू शकेल असं प्रत्येक सोनोग्राफी यंत्र, ते ठेवण्याची जागा आणि वापरणारी व्यक्ती यांची नोंदणी लागते. मनगटच पाहायचं असलं तरी त्यातून सुटका नाही. मुलींच्या घटत्या संख्येपायी हा कायदा करावा लागला आणि तो सैल व्हावा असं मी म्हणणार नाही. पण त्यामुळे होतं असं की उपचार करणारा एक, मोजणारा दुसरा, आणि दोघांच्या मध्ये दुवा म्हणून एक कागद. तो कागद नीट नसेल तर पाठपुरावा कोलमडतो.

तेव्हा हा कागद नीट करून घेणं रुग्णाच्या हातात आहे. इंजेक्शन किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर त्याआधी एकदा सोनोग्राफी करून घ्या, कारण नंतरच्या आकड्याला जोडीला हाच आकडा लागतो. मनगटाच्या आणि हातांच्या सोनोग्राफीचा सराव असलेले रेडिओलॉजिस्ट कोण, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा आणि पुढच्या वेळीही त्यांच्याकडेच जा. रिपोर्टमध्ये नसेचं क्षेत्रफळ आकड्यात, कोणत्या पातळीवर मोजलं ते, वरच्या बाजूचा आकडा आणि नस दुभंगलेली आहे का, एवढ्या गोष्टी लिहायला सांगा. नुसतं नस सुजलेली आहे हे वाक्य पुढच्या वेळी काहीच कामाचं नसतं. दुसऱ्यांदा जाताना जुना रिपोर्ट आणि फिल्म सोबत न्या, ऑपरेशन झालं असेल तर तारखेसह सांगा. त्रास थांबलेला असेल तर मात्र नुसती उत्सुकता म्हणून पुन्हा मोजायला जाऊ नका. आणि अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा बसलेला दिसत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, बोटांना स्पर्शच कळेनासा झाला असेल, तर आकडा १० आहे की १५ याची वाट न पाहता त्याच आठवड्यात हँड सर्जनना दाखवा.